रॅम घेण्याआधी जुळवून बघा

कुणी शेंगा फोडत असाल, कुणी शिवणाच्या मशीनवर बसला असाल, कुणी नुकत्याच शेतातून येऊन टेकला असाल. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या.

गटाच्या बैठकीत हल्ली एक विषय वरचेवर निघतो. गटाचा संगणक फार हळू चालतो. योजनेच्या अर्जाची शेवटची तारीख असते, बाहेर बायकांची रांग लागलेली असते आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहतं. मग बैठकीत दोन मतं पडतात. एक ताई म्हणते, जुना देऊन टाका, नवा घ्या. दुसरी म्हणते, भाच्यानं सांगितलंय, रॅम वाढवली की झालं. पैसे गटाचे असतात. दर महिन्याच्या बचतीतून आणि कर्जाच्या व्याजातून साठलेले असतात. म्हणून हा खर्च करण्याआधी काय बघायचं ते आज आम्ही सांगणार आहोत.

आमचं सांगणं थोडक्यात असं: रॅम ही किलोवर घ्यायची वस्तू नाही, जुळवून घ्यायची वस्तू आहे. ती जुळेल की नाही, हे पट्टीवर छापलेल्या आकड्यांवरून आपलं आपल्याला वाचता येतं.

आधी रॅम म्हणजे काय ते बघू. एमएस-सीआयटी केलेल्या मुलींना हे पाठ असेल, पण सगळ्यांसाठी सांगतो. घरात धान्य कोठीत असतं आणि स्वयंपाक ओट्यावर होतो. कोठी म्हणजे संगणकाची हार्ड डिस्क, तिथं सगळं साठवलेलं असतं. ओटा म्हणजे रॅम. आत्ता या घडीला जे काम चाललंय, ते सगळं ओट्यावर मांडलेलं असतं. ओटा लहान असला की परात ठेवायला डबा उचलावा लागतो, डबा ठेवायला परात उचलावी लागते, आणि निम्मा वेळ त्या उचलठेवीतच जातो. संगणक हँग होतो म्हणजे बऱ्याचदा हेच होत असतं. इंटरनेटची चार पानं उघडी, गटाच्या हिशोबाची फाइल उघडी, वर आधार कार्डाचं स्कॅनिंग चालू. ओटा पुरत नाही.

वीज गेली की रॅममधलं सगळं पुसलं जातं. याचं कारण तिच्या घडणीत आहे. आज आपण वापरतो त्या रॅमचं पेटंट अमेरिकेत आयबीएम कंपनीतल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली मिळालं. तिच्यात विजेची अतिशय बारीक बारीक मडकी असतात, एका पट्टीत अब्जावधी. भरलेलं मडकं म्हणजे एक आणि रिकामं म्हणजे शून्य. पण ही सगळी मडकी गळकी असतात. म्हणून एका सेकंदात कितीतरी वेळा प्रत्येक मडक्याकडे फिरून जाऊन ते पुन्हा भरावं लागतं. कधी भरायचं, कधी उघडायचं, कधी मिटायचं याचं वेळापत्रक ठरलेलं असतं. त्या वेळापत्रकालाच रॅमचं टायमिंग म्हणतात. त्याकडे आपण थोड्या वेळानं येऊ.

दुकानात जाण्याआधी एक गोष्ट घरीच तपासा. दुखणं खरंच रॅमचं आहे का? संगणकावर नेहमीची सगळी कामं उघडा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स या शब्दावर जा. तिथं मेमरी आणि डिस्क अशी दोन नावं दिसतील. मेमरी नव्वद टक्क्यांच्या आसपास भरलेली दिसली तर रॅम कमी पडतेय. मेमरी निम्मीच भरलेली आहे आणि डिस्क मात्र सतत शंभर टक्के दाखवतेय, तर दुखणं कोठीत आहे, ओट्यात नाही. अशा वेळी जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की फरक पडतो, रॅम वाढवून पडत नाही. दुखणं एकीकडे आणि औषध दुसरीकडे असं नको.

मेमरीच्या त्याच पानावर आणखी तीन गोष्टी लिहिलेल्या असतात. रॅमची गती किती, रॅमसाठी असलेल्या खोबणींपैकी, म्हणजे स्लॉटपैकी किती भरले आहेत, आणि पट्टीचा आकार कोणता. या तिन्ही वहीत उतरवून घ्या, किंवा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आता जुळवणी. पहिली गोष्ट पिढीची. रॅमच्या पिढ्या आहेत: डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५. डीडीआर३ चं प्रमाण २००७ साली ठरलं, डीडीआर४ चं २०१२ साली आणि डीडीआर५ चं २०२० साली. ही प्रमाणं जेडेक नावाची संस्था ठरवते. जगभरच्या कंपन्या तीच मापं पाळतात, म्हणून एका कंपनीच्या संगणकात दुसऱ्या कंपनीची रॅम चालते. पण एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. बसू नये म्हणूनच पट्टीच्या खालच्या कडेला एक खाच असते, आणि प्रत्येक पिढीत ती खाच वेगळ्या जागी असते.

आपल्याकडे हे नवं नाही. सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीत १९१० साली कारखाना उभा राहिला आणि आपल्या भागातल्या शेतात लोखंडी नांगर आला. लोखंडी नांगराचा फाळ झिजला तर तो बदलता येतो, नांगर टाकून द्यावा लागत नाही. पण फाळ त्याच नांगराच्या मापाचा लागतो. विहिरीवरच्या मोटारीचा इंपेलर आणताना आपण मॉडेलचा नंबर चिठ्ठीवर लिहून नेतो, नुसतं 'मोटारीचा पंखा द्या' म्हणत नाही. तशीच दुकानात जाऊन 'आठ जीबीची रॅम द्या' एवढंच म्हणायचं नाही. आठ जीबी हे झालं वजन. माप अजून सांगायचं राहिलं.

दुसरी गोष्ट आकाराची. टेबलावरच्या संगणकाची पट्टी लांब असते, लॅपटॉपची जवळजवळ निम्म्या लांबीची. काही लॅपटॉपमध्ये रॅम आतच कायमची डाख देऊन बसवलेली असते आणि रिकामा स्लॉट नसतो. असा लॅपटॉप असेल तर रॅम वाढवायचा प्रश्नच संपला. हे विकत घेण्याआधी कळलेलं बरं.

तिसरी गोष्ट गतीची. आता आकडे येतील, पण घाबरू नका. आकड्यांशी आपल्या भागातल्या बायकांचं जुनं नातं आहे. सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातल्या म्हसवडला चेतना सिन्हा आणि तिथल्या बायकांनी स्वतःची बँक काढायची ठरवली, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं पहिल्यांदा परवाना नाकारला. सभासद बायकांना लिहितावाचता येत नाही, हे कारण होतं. त्या बायका अक्षरं शिकल्या आणि पुन्हा गेल्या. अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेवरचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. परवाना मिळाला आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. चक्रवाढ व्याज तोंडी करणाऱ्या बायकांच्या मुलुखातल्या आपण. रॅमच्या पट्टीवरचे आकडे त्यापुढे काहीच नाहीत.

पट्टीवर एक चिकटपट्टी असते. तिच्यावर पीसी३ किंवा पीसी४ अशी अक्षरं असतात. पीसी३ म्हणजे डीडीआर३, पीसी४ म्हणजे डीडीआर४. त्यापुढे एक आकडा असतो. कधी तो थेट गतीच असते, २४००, २६६६, ३२०० असा. कधी आकडा मोठा असतो, १२८००, १९२०० किंवा २५६००. मोठा आकडा दिसला की त्याला आठनं भागा. १२८०० भागिले ८ म्हणजे १६००. १९२०० भागिले ८ म्हणजे २४००. २५६०० भागिले ८ म्हणजे ३२००. ही झाली गती. म्हणजे एका पट्टीवर १९२०० आणि दुसरीवर २४०० लिहिलं असेल, तर दोन्ही एकाच गतीच्या आहेत. पहिलीवरचा आकडा मोठा दिसतो म्हणून दुकानदार जास्त पैसे मागू लागला, तर तिथंच आठनं भागून दाखवा.

मग जुनी पट्टी २४०० ची आणि नवी ३२०० ची घेतली तर? पिढी तीच असेल तर बहुतेक वेळा दोन्ही एकत्र चालतात, पण २४०० नंच. जात्यावर दोघी बसल्या की एकीला कितीही उरक असू दे, खुंटा एकच असतो. दोघींना एकाच वेगानं ओढावं लागतं, आणि तो वेग हळू ओढणारीचा असतो. दोन पट्ट्यांचं तसंच आहे. जिची गती कमी, तिच्या गतीनं दोघी चालतात. शिवाय प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांचीही मर्यादा असते. इंटेलच्या सातव्या पिढीचा साधा प्रोसेसर डीडीआर४ रॅम २४०० पर्यंतच चालवतो. त्यात ३२०० ची पट्टी घातली तरी ती २४०० नंच चालणार. यात बिघडत काही नाही. फक्त वरच्या गतीसाठी दिलेले जादा पैसे वाया जातात.

चौथी गोष्ट टायमिंगची. पट्टीवर किंवा खोक्यावर सीएल १७, सीएल २२ असं लिहिलेलं असतं. कधी चार आकडे ओळीनं असतात, २२-२२-२२-५२ असे. गटाच्या कपाटाचं उदाहरण घ्या. कुणी म्हणालं, अमक्या ताईच्या खात्याची नोंद दाखवा. तुम्ही आधी कपाटाचा नेमका कप्पा उघडता. मग त्यातलं नेमकं पान शोधून हातात घेता. दुसऱ्या कप्प्यातलं काही हवं असेल तर आधीचा मिटता. या प्रत्येक कामाला थोडा वेळ लागतो. रॅममध्येही असंच आहे. कप्पा उघडायला किती, पान हातात यायला किती, कप्पा मिटायला किती आणि एकदा उघडलेला कप्पा कमीत कमी किती वेळ उघडा ठेवायचा, यांचे ते चार आकडे. पान हातात यायला लागणारा वेळ म्हणजे सीएल.

इथं एक गंमत आहे आणि फसगतही इथंच होते. हे आकडे सेकंदांचे नसतात, ठोक्यांचे असतात. रॅमच्या आत घड्याळासारखा ठोका पडतो, आणि रॅमची गती जितकी जास्त तितका ठोका जलद. म्हणून नुसत्या सीएलवरून काही ठरत नाही. एक ताई लांब ढांगा टाकत अकरा पावलांत विहिरीवर पोचली. दुसरी छोटी छोटी बावीस पावलं भराभर टाकत पोचली. दोघींना वेळ सारखाच लागला.

हिशोब करायचा तर सोपा आहे. सीएलच्या आकड्याला २००० नं गुणा आणि गतीनं भागा. डीडीआर३ ची १६०० गतीची, सीएल ११ ची पट्टी घ्या. अकरा गुणिले दोन हजार म्हणजे २२०००, भागिले १६००, उत्तर पावणे चौदा. डीडीआर४ ची ३२०० गतीची, सीएल २२ ची पट्टी घ्या. ४४००० भागिले ३२००, उत्तर पुन्हा पावणे चौदा. हे नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. नव्या पट्टीवर बावीस लिहिलंय म्हणून ती मंद नाही. पान हातात यायला दोघींना सारखाच वेळ लागतो, आणि एकदा पान हातात आलं की नवी पट्टी दुप्पट वेगानं वाचून दाखवते.

खेळांसाठी म्हणून ३२०० गतीच्या, सीएल १६ च्या महाग पट्ट्याही मिळतात. त्यांचं उत्तर येतं दहा. त्या खरंच चपळ असतात. पण तो वेग मिळवायला मदरबोर्डमध्ये तशी सोय लागते आणि ती चालू करावी लागते. नाहीतर त्याही साध्या पट्टीसारख्याच चालतात. गटाच्या हिशोबाला आणि अर्ज भरायला तो फरक जाणवणारही नाही. त्या पैशात ओटा मोठा करा, म्हणजे जास्त जीबी घ्या.

वेगवेगळ्या टायमिंगच्या दोन पट्ट्या एकत्र घातल्या तर? प्रत्येक पट्टीवर एक इवलीशी चिप असते. तिच्यात त्या पट्टीची सगळी पत्रिका लिहिलेली असते: कोणत्या गतीला किती ठोके झेपतात, वीज किती लागते. संगणक सुरू झाला की तो आधी सगळ्या पट्ट्यांच्या पत्रिका वाचतो आणि सगळ्यांना झेपेल असं वेळापत्रक लावतो. म्हणून टायमिंग थोडं मागंपुढं असलं तरी बहुतेकदा निभावतं. पण 'बहुतेकदा' हा शब्द ध्यानात ठेवा. कधी जमत नाही. मग संगणक सुरूच होत नाही, नुसता बीप बीप करतो, किंवा चालता चालता निळा पडदा दाखवून बंद पडतो. सगळ्यात वाईट म्हणजे, न जुळणाऱ्या किंवा सदोष रॅममुळं काही न सांगताच फाइल बिघडू शकते. हिशोबाच्या वहीत एक आकडा बदलला तर गटात किती वाद होतील, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. जुळवाजुळवीचा एवढा आग्रह त्यासाठीच. जमलं तर जुन्या पट्टीसारखीच, त्याच गतीची आणि त्याच सीएलची पट्टी घ्या.

पाचवी गोष्ट विजेची. डीडीआर३ मध्ये दोन प्रकार आहेत. साधी दीड व्होल्टची, आणि जिच्या नावात एल आहे, म्हणजे पीसी३एल, ती १.३५ व्होल्टची. बऱ्याच लॅपटॉपना एल असलेलीच पट्टी लागते, साधी घातली तर ते सुरू होत नाहीत. उलट एल असलेली पट्टी दीड व्होल्टवरही चालते. म्हणून शंका असेल तर एल असलेली घ्या.

याच ठिकाणी आणखी एक इशारा. सर्व्हरमधून काढलेल्या मोठ्या जीबीच्या पट्ट्या कधी कधी फार स्वस्त मिळतात. त्या दिसायला अगदी तशाच असतात, पण त्यांच्यावर रजिस्टर्ड असं लिहिलेलं असतं किंवा गतीच्या आकड्याच्या मागंपुढं आर अक्षर असतं. साध्या संगणकात त्या चालत नाहीत. स्वस्त दिसली की आधी हे बघा.

सहावी गोष्ट मर्यादेची. संगणकात रॅम किती घालता येते, हे मदरबोर्डवर आणि प्रोसेसरवर अवलंबून असतं. कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल नंबर टाकला की ते कळतं. शिवाय सेटिंगमध्ये सिस्टीम, मग अबाउट, इथं जाऊन विंडोज ३२ बिट आहे की ६४ बिट ते बघा. आपल्याकडचं ३२ बिटचं विंडोज चार जीबीच्या पुढची रॅम वापरत नाही. त्यात आठ जीबी घालणं म्हणजे चार माणसांच्या घरात आठ माणसांचा स्वयंपाक करून टाकून देणं.

दोन स्लॉट असतील तर एक मोठी पट्टी घालण्यापेक्षा दोन सारख्या पट्ट्या घातलेल्या बऱ्या. संगणक दोन्ही हातांनी काम करतो. त्यातही सगळ्यात चांगली जोडी म्हणजे एकाच खोक्यात मिळणारी, एकाच कंपनीची.

आता बैठकीतल्या त्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. जुन्यावर खर्च करायचा की नवा घ्यायचा? यासाठी एक तारीख लक्षात ठेवा. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. विंडोज ११ ला कमीत कमी चार जीबी रॅम लागते, पण नुसती रॅम पुरत नाही. प्रोसेसरही नव्या पिढीचा लागतो, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. डीडीआर३ वर चालणारे आपले जुने संगणक त्यात बसत नाहीत. म्हणून ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात आणि तो डीडीआर३ चा आहे, त्यावर मोठा खर्च करण्याआधी दहादा विचार करा. तोच संगणक मुलींच्या टायपिंगसाठी ठेवायचा असेल, तर त्यावर लिनक्स घालता येतं. आपल्या देशातल्या सी-डॅक संस्थेनं बनवलेली बॉस लिनक्स ही प्रणाली मोफत आहे आणि तिच्यात मराठीची सोय आहे. डीडीआर४ चा आणि विंडोज ११ चालणारा संगणक असेल, तर मात्र रॅम वाढवणं हे शहाणपणाचं काम आहे.

भावाचंही सांगतो. २०२५ च्या अखेरीस जगभर रॅमचे भाव एकदम चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी परदेशात मोठमोठी संगणक केंद्रं उभी राहतायत आणि रॅम बनवणाऱ्या कंपन्या आपला माल तिकडं वळवतायत. तिकडच्या मागणीची झळ विट्याच्या आणि वडूजच्या दुकानापर्यंत पोचते. म्हणून मागच्या वर्षी कुणी काय भावानं घेतली त्यावर जाऊ नका. तीन दुकानांत विचारा.

दुकानात गेल्यावर काय म्हणायचं ते वहीत लिहून न्या. उदाहरणार्थ: 'दादा, डेस्कटॉपची डीडीआर४, आठ जीबी, २४०० किंवा तिच्या वरची, साधी पट्टी पाहिजे. आमच्यात सीएल १७ ची चार जीबीची एक आहे, ही बघा फोटोत. तिच्यासोबत चालली नाही तर बदलून द्याल का?' हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. बदलून देण्याचं, वॉरंटी किती वर्षांची ते आणि पट्टीचा सिरीयल नंबर, हे तिन्ही पक्क्या बिलावर लिहून घ्या. बिल गटाच्या नावानं करा. जमलं तर संगणकच सोबत न्या आणि दुकानातच लावून, चालू करून बघा. बिलावर लिहिलेलं कुणी पाळलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, मराठीतही बोलता येतं.

पट्टी घरी बसवणार असाल तर आधी हिशोबाच्या फाइलची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. संगणक बंद करा, पिन भिंतीतून काढा. ज्या डब्याला आपण सीपीयू म्हणतो, त्याच्या लोखंडी भागाला हात लावा, म्हणजे अंगातली वीज उतरेल. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत नायलॉनच्या साडीला चटचट होतं ना, तेवढ्या ठिणगीनंही रॅम जाऊ शकते. सुती कपडे असलेले बरे. पट्टी कडेनं धरा, सोनेरी दातांना बोट लावू नका. खाच जुळवा आणि दोन्ही टोकांना सारखा दाब द्या. कट् असा आवाज येऊन चाप बसतो. बसत नसेल तर जोर लावू नका. खाच जुळत नाही म्हणजे पट्टी उलटी आहे किंवा पिढी चुकलीय.

संगणक चालू झाला की पुन्हा टास्क मॅनेजरमध्ये जाऊन रॅम पूर्ण दिसते का ते बघा. मग शोधाच्या चौकोनात विंडोज मेमरी डायग्नोस्टिक असं लिहा आणि तपासणी लावून द्या. संगणक आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू होईल आणि रॅम तपासेल. दोष निघाला तर दुसऱ्याच दिवशी बिल घेऊन दुकान गाठा.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत हे करा. दोघीजणी मिळून संगणकाची माहिती काढा: पिढी, आकार, गती, स्लॉट, विंडोज. ती पाच उत्तरं ठरावाच्या वहीत लिहा, आणि मगच खर्चाचा ठराव घ्या. यातली एक तरी बाई संगणक कधी न वापरणारी असू द्या. आकडे वाचायला तिलाही येतं, आणि एकदा वाचले की दुकानात तीच सगळ्यात जास्त प्रश्न विचारेल.

आज इथंच थांबतो. नमस्कार.